दिवाळे आणि त्यानंतरची पत

भरदिवसा दुकानात दिवा लावून ठेवणे ही जुन्या काळी व्यापाऱ्याने आपले दिवाळे निघाल्याची दिलेली जाहीर कबुली समजली जाई, आणि ‘दिवाळे’ हा शब्द त्या दिव्यावरूनच आला, असे परंपरेने सांगितले जाते. व्युत्पत्तीचे पंडित याला कितपत मान्यता देतील हा प्रश्न वेगळा. परंतु कल्पना मोठी मार्मिक आहे. दिवा लागला की साऱ्या पेठेने समजून घ्यावे, या पेढीची हुंडी यापुढे स्वीकारावयाची नाही. मात्र तो दिवा विझवावयाचा केव्हा, दिवाळखोराने पेठेत पुन्हा येऊन बसावयाचे ते कोणत्या दिवशी आणि कोणाच्या शब्दावर, याविषयी ही परंपरा काहीच सांगत नाही. युरोपातही, देणे बुडविणाऱ्या सराफाचे पेठेतील बाक मोडून टाकीत आणि त्या मोडक्या बाकावरून तिकडचा दिवाळखोरीचा शब्द आला, अशी कथा आहे. बाक मोडल्याची कथा आहे. नवे बाक मांडल्याची नाही.

कर्ज आणि पत या दोन वस्तू एक नव्हेत. कर्ज ही धनको आणि ऋणको या दोघांमधील गोष्ट आहे. ती कागदावर असते, तिला रक्कम असते, तिची फेड होऊ शकते आणि न्यायालय तिच्यावर काटही मारू शकते. पत ही तिसऱ्याच्या मनात असते. ज्याने या माणसाला अद्याप एक पैसाही दिलेला नाही, तो देण्यापूर्वी जो विचार करतो, त्या विचाराचे नाव पत. दिवाळखोरीचे कायदे गेली तीन शतके पहिल्या वस्तूशी झुंजत आले आहेत. दुसरी वस्तू पुष्कळ काळ कायद्याच्या हाती लागली नाही, आणि लागली तीही फार उशिरा व अर्धवट.

इंग्लंडात दिवाळखोरीविषयीचा पहिला कायदा १५४२ सालचा, आठव्या हेन्रीच्या कारकिर्दीतला. त्यात दिवाळखोराला गुन्हेगार मानले होते. त्याची मालमत्ता जप्त करून धनकोंत वाटावयाची, एवढाच त्याचा हेतू होता. वाटप होऊन उरलेले देणे ऋणकोच्या मानेवर तसेच राही. सव्वाशेहून अधिक वर्षे हाच क्रम चालला. ‘रॉबिन्सन क्रूसो’चा कर्ता डॅनियल डिफो हा लेखक होण्यापूर्वी व्यापारी होता आणि १६९२ मध्ये सुमारे सतरा हजार पौंडांच्या देण्याखाली तो बुडाला. पाच वर्षांनी, १६९७ मध्ये, त्याने लिहिलेल्या एका ग्रंथात दिवाळखोरांवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. प्रामाणिकपणे बुडालेला आणि लबाडीने बुडविणारा यांत कायदा भेदच करीत नाही, ही त्यातील मुख्य तक्रार. १७०५ मध्ये ॲन राणीच्या काळी झालेल्या कायद्याने हा भेद केला, आणि तोही इंग्रजी पद्धतीने टोकाचा केला. जो आपली सर्व मालमत्ता प्रामाणिकपणे हवाली करील त्याला उरलेल्या देण्यातून मुक्ती. जो लपवील त्याला फाशी. लवकरच या मुक्तीला बहुसंख्य धनकोंची संमती आवश्यक झाली. तथापि, जिवंतपणी, फेड न होता, कर्ज संपू शकते हे तत्त्व येथून सुरू झाले. आपल्या धर्मशास्त्राने दामदुपटीचा नियम घालून व्याजाला मुद्दलाची मर्यादा घातली, आणि मुंबई इलाख्यातील न्यायालये तो नियम इंग्रजी अमलातही पाळीत. परंतु ऋण स्वतः मरते असे धर्मशास्त्राने कधी म्हटले नाही. ते मुलाच्या आणि नातवाच्या माथी येई.

या सर्व काळात बाजाराची स्मृती मात्र बाजारापुरतीच होती. लंडनच्या एका गल्लीत बुडालेला माणूस ब्रिस्टलला जाऊन नव्या नावाने दुकान मांडू शके. स्मृतीला पाय फुटले ते अमेरिकेत, आणि ते ज्याने फोडले तो स्वतःच एकदा बुडालेला व्यापारी होता.

आर्थर आणि लुईस टॅपन या बंधूंची न्यूयॉर्कमध्ये रेशमाची मोठी पेढी होती. दोघेही कडवे धर्मनिष्ठ आणि गुलामगिरीचे कट्टर विरोधक. त्यापायी १८३४ मध्ये दंगेखोरांनी लुईसच्या घरावर हल्ला करून सामानसुमान रस्त्यावर आणून जाळले होते. १८३७ मध्ये अमेरिकेत जे मोठे आर्थिक संकट कोसळले त्यात या पेढीने देणी थांबविली. देणे अकरा लाख डॉलरांच्या वर होते. धनकोंनी मुदत दिली आणि सुमारे दीड वर्षात बंधूंनी ते व्याजासकट फेडले. ती मुदत मिळाली कशाच्या जोरावर? पेढीत माल होता हे खरे. पण त्याहून अधिक, हे लोक शब्दाचे पक्के आहेत अशी न्यूयॉर्कमध्ये ख्याती होती. याच संकटात पेढीची जी उधारी बुडाली ती मात्र दूरदूरच्या खेड्यांतील दुकानदारांकडची होती. त्यांची ख्याती न्यूयॉर्कमध्ये कोणालाच ठाऊक नव्हती. लुईसने यातून धडा घेतला. १८४१ च्या उन्हाळ्यात त्याने ‘मर्कंटाइल एजन्सी’ नावाची कचेरी उघडली. देशभरच्या व्यापाऱ्यांची पत कशी आहे याची माहिती गोळा करावयाची आणि वर्गणीदारांना पुरवावयाची, हा तिचा व्यवसाय.

योगायोग असा की, त्याच उन्हाळ्यात, १९ ऑगस्ट १८४१ रोजी, अमेरिकेत नवा दिवाळखोरीचा कायदा मंजूर झाला. ऋणकोला स्वतः होऊन न्यायालयात जाता यावे आणि कर्जातून मोकळे होता यावे, ही सोय त्या कायद्याने प्रथमच केली. सुमारे एकेचाळीस हजार लोकांनी तिचा लाभ घेतला. धनकोंनी एवढा गिल्ला केला की १८४३ मध्ये कायदाच रद्द करावा लागला. म्हणजे ज्या वर्षी अमेरिकेने कर्ज विसरण्याचा कायदा केला, त्याच वर्षी तेथे ऋणकोला न विसरणारी कचेरीही स्थापन झाली. कायदा दीडएक वर्ष चालला. कचेरी बंद पडली नाही. हात बदलत, नाव बदलत, १९३३ मध्ये ब्रॅडस्ट्रीट या प्रतिस्पर्ध्याशी एक होऊन ती आजही ‘डन अँड ब्रॅडस्ट्रीट’ म्हणून नांदते आहे.

या कचेरीचे काम पाहण्यासारखे होते. गावोगावी तिचे बातमीदार असत, आणि ते बहुधा वकील असत. पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झालेला अब्राहम लिंकन हाही एक काळ असा बातमीदार होता. त्यांना वेतन नसे; त्या गावातील वसुलीचे दावे कचेरी त्यांच्याकडे पाठवी, हाच मोबदला. त्यांची पत्रे आली की कारकून त्यांतील मजकूर प्रचंड वह्यांत उतरवून घेत. माणूस किती वर्षांचा, विवाहित की अविवाहित, मद्य घेतो काय, सासरा श्रीमंत आहे काय, पूर्वी बुडाला होता काय आणि बुडाला तेव्हा वागला कसा, हे सारे संक्षिप्त खुणांनी लिहिलेले असे. वर्गणीदाराचा माणूस कचेरीत येई, नाव सांगे आणि कारकून नोंद वाचून दाखवी. वही हाती मिळत नसे. १८५९ मध्ये छापील पुस्तक निघाले आणि व्यापाऱ्यांच्या नावांपुढे खुणांनी श्रेणी देण्याची चाल पडली. त्या पुस्तकाला कुलूप असे. वर्णनाच्या जागी खूण येण्याचा हा प्रारंभ होय. त्या हस्तलिखित वह्या अडीच हजारांवर भरल्या; त्या आता हार्वर्ड विद्यापीठाच्या बेकर ग्रंथालयात जपून ठेवलेल्या आहेत आणि शंभर-दीडशे वर्षांपूर्वी कोणत्या गावचा कोणता दुकानदार पिऊन बुडाला हे त्यांत आजही वाचावयास मिळते.

ज्याच्याविषयी लिहिले जाई त्याला मात्र ते वाचण्याचा अधिकार नव्हता. ओहायो राज्यातील बर्ड्स्ले नावाच्या व्यापारी बंधूंना असे कळले की, आपल्यापैकी एकाची पत्नी घटस्फोट घेणार आणि त्यामुळे पेढी डळमळणार, अशा आशयाची नोंद १८४८ मध्ये झाली असून तिच्यामुळे आपल्याला माल उधार मिळेनासा झाला आहे. त्यांनी टॅपनवर बदनामीचा दावा लावला. १८५१ मध्ये ज्यूरीने दहा हजार डॉलर भरपाई देवविली; १८७० च्या सत्रात सर्वोच्च न्यायालयाने पुराव्याच्या मुद्द्यावर तो निकाल फिरविला. एका अफवेचा निकाल लागण्यास जवळजवळ वीस वर्षे गेली, आणि तरीही ती अफवा खरी की खोटी हा मुख्य प्रश्न नव्हताच.

टॅपनच्या वह्यांना एक गुण होता, तोही नमूद केला पाहिजे. त्या कारण लिहीत. आगीत गोदाम जळाले म्हणून बुडालेला, भागीदाराने फसविल्यामुळे बुडालेला आणि जुगारात घालवून बुडालेला हे तिघे त्या वहीत निराळे दिसत. ही गोष्ट पुढे नाहीशी झाली.

१८४३ नंतर अमेरिकेत काही काळ राष्ट्रीय दिवाळखोरीचा कायदा नव्हता. १८६७ मध्ये एक झाला, तो १८७८ मध्ये रद्द झाला, आणि नंतर वीस वर्षे पुन्हा काहीच नव्हते. नेमक्या या पोकळीत मार्क ट्वेन सापडला. या विनोदी ग्रंथकाराला व्यवहाराची हौस दांडगी आणि जाण बेताची होती. त्याची स्वतःची प्रकाशन संस्था होती. जनरल ग्रँट यांचे आत्मचरित्र छापून तिने त्यांच्या विधवेला दोन लाख डॉलरांचा धनादेश दिला, तेव्हा साऱ्या देशात तिचे नाव झाले. पण ट्वेनने अक्षरजुळणी करणाऱ्या एका यंत्रात अफाट पैसा ओतला. ते यंत्र कधी धड चालले नाही. १८९३ च्या मंदीने उरलेसुरले संपविले. एप्रिल १८९४ मध्ये संस्थेने सर्व मालमत्ता धनकोंच्या हवाली केली. देणे सुमारे एक लाख डॉलर. भागीदारीची संस्था असल्यामुळे ट्वेन स्वतः त्याला जबाबदार होता आणि त्याचे वय साठीला टेकले होते.

त्याच्या मदतीला हेन्री रॉजर्स हा तेलसम्राटांच्या गोटातील एक बडा धनिक धावून आला. त्याने धनकोंशी वाटाघाटी केल्या, आणि एक चतुर गोष्ट केली: ट्वेनच्या पत्नीने संस्थेला मोठी रक्कम कर्जाऊ दिलेली असल्याने तिला अग्रक्रमाचा धनको ठरवून पुस्तकांचे हक्क तिच्या नावे करून दिले. ते हक्क त्या वेळी लिलावात कवडीमोलाने गेले असते. नंतरच्या चरित्रांतून ट्वेनच्या सचोटीचे पोवाडे गाताना या युक्तीचा उल्लेख सहसा मागे पडतो. सचोटी खरी होती. पण तिला उभे राहावयास जमीन या युक्तीने दिली. अर्ध्या रकमेवर तडजोड करून मोकळे होणे शक्य असताना, देणे शंभर टक्के फेडावयाचे, हा आग्रह त्याच्या पत्नीचा होता आणि तो त्याने मान्य केला.

फेड करावयाची तर पैसा कोठून आणावयाचा? जुलै १८९५ मध्ये ट्वेन जगाच्या व्याख्यान-दौऱ्यावर निघाला. अमेरिकेचा उत्तर भाग, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, सिलोन असे करीत जानेवारी १८९६ मध्ये तो मुंबईस उतरला. त्याचा मुक्काम वॉटसन्स हॉटेलात होता. नॉव्हेल्टी थिएटरात त्याची व्याख्याने झाली. प्रकृती ठीक नव्हती, खोकल्याने तो बेजार होता, आणि हॉटेलच्या सज्जावर जमणाऱ्या मुंबईच्या कावळ्यांनी त्याला एवढे रिझविले की पुढे पुस्तकात त्यांना मानाचे स्थान मिळाले. मुंबईहून तो पुण्यास आणि बडोद्यासही गेला. तिकीट काढून हसावयास आलेल्या त्या श्रोत्यांचे पैसे न्यूयॉर्कच्या धनकोंकडे जात होते. दौरा संपला त्याच उन्हाळ्यात, ऑगस्ट १८९६ मध्ये, त्याची थोरली मुलगी अमेरिकेत वारली. तो इंग्लंडात होता. प्रवासाचे पुस्तक १८९७ मध्ये निघाले आणि १८९८ च्या प्रारंभी शेवटच्या धनकोची पै न् पै चुकती झाली. वृत्तपत्रांनी त्याचा मोठा गौरव केला. गेलेली पत परत आली. आणि तिच्याबरोबर जुना मोहही परत आला, कारण थोड्याच वर्षांत त्याने दुधाच्या भुकटीच्या एका कंपनीत पैसे गुंतविले.

ट्वेनचा हा मार्ग अनुकरणीय म्हणून सांगितला जातो. परंतु त्याच्यापाशी विकण्यासारखे नाव होते, रॉजर्ससारखा मित्र होता, आणि जगभर तिकिटे काढणारे श्रोते होते. कापडाच्या गिरणीतील मुकादम बुडाला तर त्याने कोठे व्याख्याने द्यावीत? त्याच्यासाठी कायदाच हवा होता. तो १ जुलै १८९८ रोजी, ट्वेनने फेड पूर्ण केल्यानंतर काही महिन्यांनी, मंजूर झाला आणि यावेळी टिकला. त्याचा अर्थ किती व्यापक आहे हे १९३४ मधील एका खटल्यात ठरले. इलिनॉय राज्यातील एका पगारदाराने तीनशे डॉलर कर्ज घेताना भावी पगार तारण लिहून दिला होता. दिवाळखोरीतून त्याची मुक्तता झाल्यावरही कर्ज देणारी कंपनी त्याच्या पगारावर हक्क सांगू लागली. सर्वोच्च न्यायालयाने कंपनीला नकार दिला. प्रामाणिक पण दुर्दैवी ऋणकोला जुन्या कर्जाच्या ओझ्यावाचून नव्याने आयुष्य सुरू करता यावे, हाच या कायद्याचा गाभा असल्याचे न्यायालयाने सांगितले.

पगार सुटला, स्मृती सुटली नाही. एव्हाना हप्तेबंदीने मोटार, शिवणयंत्र, रेडिओ घेण्याची चाल सामान्य घरांत शिरली होती, आणि टॅपनने व्यापाऱ्यांसाठी जे केले ते आता सामान्य गिऱ्हाइकांसाठी होऊ लागले. अटलांटा शहरात १८९९ मध्ये दोघा बंधूंनी काढलेली ‘रिटेल क्रेडिट कंपनी’ ही त्यांतील प्रमुख. तिलाच पुढे १९७५ मध्ये ‘इक्विफॅक्स’ हे नाव मिळाले. या कंपन्यांच्या कपाटांत लक्षावधी माणसांच्या फाइली जमल्या. त्यांत हप्त्यांचा हिशेब असे, तशीच शेजाऱ्यांनी सांगितलेली कुजबुजही असे. १९६८ मध्ये अमेरिकन काँग्रेसच्या सुनावण्यांत हा प्रकार चव्हाट्यावर आला, तेव्हा लोकांना कळले की आपल्याविषयीची फाइल विमा कंपनी वाचू शकते, दुकानदार वाचू शकतो, पण आपण वाचू शकत नाही. बर्ड्स्ले बंधूंची तक्रार एकशेवीस वर्षांनी पुन्हा उभी राहिली.

१९७० मध्ये यावर कायदा झाला. पतविषयक इतिहासात त्याचे महत्त्व १८९८ च्या कायद्याइतकेच मानावयास हवे, कारण बाजाराच्या स्मृतीला प्रथमच मुदत बांधून देण्यात आली. थकलेल्या हप्त्याची नोंद सात वर्षे, दिवाळखोरीची चौदा वर्षे. त्यानंतर ती अहवालात दाखवावयाची नाही. १९७८ मध्ये दिवाळखोरीचा संपूर्ण कायदा नव्याने लिहिला गेला, तेव्हा चौदाची दहा झाली. विझविण्याचा दिवस नसलेल्या त्या दिव्याला असा दिवस मिळाला. अर्थात कायद्याने एक पळवाट ठेवली आहे: फार मोठ्या रकमेच्या कर्जासाठी किंवा मोठ्या पगाराच्या नोकरीसाठी अहवाल मागविला असेल तर ही मुदत लागू नाही. लहान माणसाचे पाप दहा वर्षांत धुतले जाते आणि मोठ्याचे धुतले जात नाही, असा हा दुर्मीळ कायदा.

त्याच सुमारास वहीच्या जागी अंक येत होता. १९४१ मध्ये डेव्हिड ड्युरंड या संशोधकाने हप्त्यांच्या हजारो कर्जांचा अभ्यास करून, चांगली आणि बुडीत कर्जे संख्याशास्त्राने आधी ओळखता येतील काय, याचा शोध घेतला होता. १९५६ मध्ये बिल फेअर हा अभियंता आणि अर्ल आयझॅक हा गणिती यांनी कॅलिफोर्नियात एक कंपनी काढून ही कल्पना व्यवहारात आणली. १९७४ आणि १९७६ च्या कायद्यांनी कर्ज देताना स्त्री-पुरुष, विवाह, वर्ण, धर्म असे भेद करण्यास बंदी घातली, तेव्हा कारकुनाच्या मतापेक्षा अंक सुरक्षित, असे बँकांना वाटू लागले. १९८९ मध्ये सर्व बँकांना चालणारा गुणांक निघाला. ३०० ते ८५० या दरम्यानचा हा अंक आता अमेरिकेत घर, मोटार आणि पुष्कळदा भाड्याची खोली मिळणे न मिळणे ठरवितो.

हा अंक काय सांगतो, हे पुष्कळ सुशिक्षितांनाही ठाऊक नसते. तो माणसाची श्रीमंती सांगत नाही. पगाराचा त्यात समावेशच नाही. येत्या दोनएक वर्षांत हा माणूस एखादे देणे तीन महिन्यांहून अधिक थकविण्याचा संभव इतरांच्या तुलनेने किती, एवढेच तो सांगतो. त्याच्या घडणीत सुमारे पस्तीस टक्के भार देणी वेळेवर दिली की नाही यावर, तीस टक्के सध्या किती कर्ज अंगावर आहे यावर, पंधरा टक्के खाती किती जुनी यावर, आणि उरलेला नव्या कर्जासाठी किती ठिकाणी अर्ज केले व कोणत्या प्रकारची कर्जे आहेत यांवर असतो. दिवाळखोरीची नोंद पडली की अंक घसरतो, आणि ज्याचा अंक उंच होता त्याचा अधिक घसरतो. ज्याने आधीच चार हप्ते थकविलेले असतात त्याला गमावण्यासारखे थोडेच उरलेले असते. सर्व मालमत्ता हवाली करून लगेच मोकळे होण्याचा जो मार्ग, त्याची नोंद दहा वर्षे राहते. न्यायालयाच्या देखरेखीखाली तीन ते पाच वर्षे हप्ते भरून जो मोकळा होतो, त्याची नोंद पतकंपन्या सात वर्षांनी काढतात. शिक्षणकर्ज बहुधा आणि मुलांची पोटगी सर्वथा, या दोन्ही मार्गांनी सुटत नाहीत.

परंतु नोंद दहा वर्षे राहते याचा अर्थ पत दहा वर्षे शून्य राहते असा नव्हे. अंकाला ताज्या वर्तनाचे वजन अधिक आणि जुन्याचे कमी. म्हणून मुक्त झालेल्या माणसाचे पहिले काम म्हणजे तिन्ही मोठ्या पतकंपन्यांकडून आपले अहवाल मागवून तपासणे. न्यायालयाने रद्द केलेल्या प्रत्येक कर्जापुढे शिल्लक शून्य आणि ‘दिवाळखोरीत मुक्त’ असा शेरा हवा. तो पुष्कळदा नसतो. कर्ज थकीतच दाखविलेले असते, आणि रद्द झालेले देणे अंकाला खाली ओढीत राहते. त्यानंतर बँकेत थोडी रक्कम ठेव म्हणून ठेवून तेवढ्याच मर्यादेचे कार्ड घ्यावयाचे, त्यावर किराणा किंवा पेट्रोल एवढाच किरकोळ खर्च करावयाचा, मर्यादेच्या तिसऱ्या हिश्शाच्या पुढे जावयाचे नाही आणि दरमहा संपूर्ण रक्कम वेळेवर भरावयाची. हे बारा-अठरा महिने निमूटपणे चालले की अंक वर येऊ लागतो. यात कोणतीही जादू नाही. टॅपनच्या बातमीदाराने हीच गोष्ट चार ओळींत लिहिली असती.

दिवाळखोरीतून नुकत्याच सुटलेल्या माणसाच्या घरी नव्या कर्जाची आमंत्रणे येऊ लागतात, ही तेथील आणखी एक गंमत. कारण उघड आहे: त्याच्या अंगावर आता जुने कर्ज नाही, आणि २००५ मधील दुरुस्तीपासून पहिल्या मार्गाने आठ वर्षे त्याला पुन्हा सुटता येत नाही. सावकाराच्या दृष्टीने असे गिऱ्हाईक सुरक्षित. ही आमंत्रणे भारी व्याजाची असतात, आणि त्यांना भुललेल्यांची दुसरी फेरी त्यांतूनच सुरू होते.

अंकाची उणीव तीच, जी वहीची थोरवी होती. आजारपणात बुडालेला आणि जुगारात बुडालेला यांचा अंक सारखाच घसरतो. शेजाऱ्याची कुजबुज बंद झाली हे चांगले झाले. पण तिच्याबरोबर शेजाऱ्याची साक्षही गेली.

आपल्याकडे ही स्मृती फार काळ सावकाराच्या वहीत होती. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे गावी आणि नंतर नगर जिल्ह्यात शेतकरी उठले, तेव्हा त्यांनी बव्हंशी माणसांना हात लावला नाही; खते आणि रोखे हिसकावून जाळले. १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणे बंद केले आणि त्याला नादारीचा मार्ग खुला केला. शहरांसाठी १९०९ चा आणि मुफसलासाठी १९२० चा नादारीचा कायदा झाला. स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेत, मुक्त न झालेल्या नादाराला संसदेचे सभासद होता येत नाही. केंद्र सरकारच्या नोकराने कर्जबाजारीपणा टाळावा असे १९६४ चे वर्तणूक नियम सांगतात. ‘मुक्त न झालेला’ या शब्दांत मुक्तीची शक्यता गृहीत आहे, पण या कायद्यांचा आश्रय सामान्य पगारदाराने क्वचितच घेतला. २०१६ मध्ये नवी दिवाळखोरी संहिता आली. तिच्यातील व्यक्तींविषयीचा भाग डिसेंबर २०१९ मध्ये कंपन्यांच्या जामीनदारांपुरताच अमलात आणला गेला. म्हणजे कर्जमुक्तीचा दरवाजा सामान्यासाठी किलकिलाच राहिला, आणि स्मृतीचे दालन मात्र झपाट्याने भरले: २००० मध्ये ‘सिबिल’ स्थापन झाली, २००५ मध्ये पतमाहिती कंपन्यांचा कायदा झाला, आणि ३०० ते ९०० च्या दरम्यानचा अंक तालुक्याच्या गावीही लोकांच्या तोंडी बसला.

त्यामुळे येथे बुडालेला माणूस न्यायालयात न जाता बँकेशी तडजोड करतो, काही रक्कम भरतो आणि सुटलो असे समजतो. अहवालात मात्र त्या खात्यापुढे ‘पूर्ण फेड’ असे न येता ‘तडजोड’ असे येते, आणि पुढील बँक तो शब्द वाचून मागे सरते. जमेल तेव्हा उरलेली रक्कम भरून बँकेकडून नादेय प्रमाणपत्र घेणे आणि शेरा बदलून घेणे, हाच त्यावर उपाय. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार २०१७ पासून प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा आपला संपूर्ण अहवाल विनामूल्य मागविता येतो. चूक आढळल्यास तक्रार करावी. तीस दिवसांत निवारण झाले नाही तर तक्रारदाराला दर दिवसाला शंभर रुपये भरपाई द्यावी, असा आदेश त्या बँकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये काढला. बर्ड्स्ले बंधूंना वीस वर्षे लढून अखेर काहीच मिळाले नव्हते.